साध्या आनंदाला जागा लागते

आयुष्यातले खरे आनंद साधे असतात आणि ते फुकट मिळतात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सकाळचं ऊन, पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास, आपण लावलेल्या रोपाला आलेलं पहिलं फूल. यादी खरी आहे. फुकटाची गोष्ट मात्र मला पटत नाही. आपण लावलेल्या रोपाला फूल यायचं, तर रोप लावायला जागा हवी. त्या जागेवर ऊन पडायला हवं, तिथे पाणी पोचायला हवं, आणि फूल येईपर्यंत ती जागा कोणी काढून घेणार नाही याची खात्री हवी. मातीच्या वासालासुद्धा उघडी, जिवंत जमीन लागते. तो वास ज्या जिओस्मिन नावाच्या रसायनामुळे येतो ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू तयार करतात, आणि माणसाचं नाक ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात ओळखतं की आपली मातीशी ओळख किती जुनी असेल याची कल्पना यावी.

शहरात राहणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. तेव्हा साध्या आनंदांची महती गाणाऱ्यांनी पुढचा प्रश्नही विचारायला हवा, की त्यासाठी लागणारी जमीन देणार कोण? माझं उत्तर सरळ आहे: शहराने द्यावी. रस्ते, शाळा, मैदानं, दवाखाने यांच्यासाठी नकाशावर जागा राखतात, तशी नागरिकांना स्वतःच्या हातांनी बाग करता यावी म्हणूनही जागा राखली पाहिजे. ती घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवी आणि लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने हवी. ही मागणी मी हौशी लोकांचे लाड पुरवा म्हणून करत नाही. माणसाच्या रोजच्या जगण्याला बरं वळण देणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी सार्वजनिक निर्णयाने देता येतात, त्यांत हिचा नंबर फार वरचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

उद्यानं आहेत की, असं लगेच म्हटलं जाईल. आहेत, आणि ती हवीतच. पण उद्यानात माणूस पाहुणा असतो. गवतावर चालू नका, फुलं तोडू नका, ठरलेल्या वेळेला बाहेर पडा. तिथली लावणी, छाटणी, खतपाणी दुसरं कोणीतरी करतं, बहुतेक वेळा आपण तिथे नसताना. बघायची बाग डोळ्यांना निववते. करायची बाग माणसाला कामाला लावते, आणि ह्या दोन गोष्टींत एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. मैदानाच्या कडेला बसून खेळ बघायची सोय केली म्हणून मुलांची खेळायची सोय झाली असं आपण म्हणत नाही.

कामाला लावते म्हणजे काय करते, ते नीट सांगायला हवं, कारण सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

घेवड्याचं बी पेरून बघा. काही दिवस वर काहीच दिसत नाही. मातीचा वरचा थर वाळून त्याची पातळ खपली होते. मग एका सकाळी त्या खपलीला बारीक तडा जातो, आणि तड्यातून फिकट रंगाची, वाकलेली मान वर आलेली दिसते. शेंडा अजून खालीच असतो. कोवळा शेंडा मातीवर घासून खराब होऊ नये म्हणून रोप आधी दांड्याचा बाक वर ढकलतं. उजेड लागला की तो बाक सरळ होत जातो आणि बियाची दोन जाड दलं मातीतून वर ओढून आणतो. कधी बियाची साल अजून त्यांना चिकटलेली असते. खपली फार कडक झाली असेल तर ही मान मोडते. मोडलेली मान एकदा पाहिली की पुढच्या वेळी पेरणी झाल्यावर वर पाचोळ्याचा हलका थर पसरायचा आणि पाणी बारीक भोकांच्या झारीनेच द्यायचं, हे कोणी शिकवावं लागत नाही. एका बियाने माणसाला जमिनीपाशी वाकून बघायला लावलेलं असतं.

टोमॅटोचं रोप वाढायला लागलं की पान आणि खोड यांच्या बेचक्यातून बगलफूट निघते. ती कोवळी असतानाच खुडायची, नाहीतर झाड नुसतं पसरत जातं. खुडताना बोटांना त्या झाडाचा उग्र, हिरवा वास लागतो. तो फळाला येत नाही, फक्त झाडाला येतो. म्हणजे ज्याने टोमॅटो फक्त विकत घेतले त्याला तो वास माहीतच नसतो. हात धुवायला गेलं की साबणाचा फेस पिवळट हिरवा होतो, आणि मग कळतं की पानांवरच्या बारीक केसांतला चीक बोटांवर चांगलाच चढला होता. असली सुखं मोठ्या समारंभाने येत नाहीत. ती रोजच्या फेरीत भेटतात: काल कळी होती तिथे आज काय आहे, कोणत्या पानाखाली मावा आला, कोणाला काठीचा आधार द्यायचा. बागेचं अर्धं सुख या फेरीत असतं. माणसाला घराबाहेर पडायला, आभाळाकडे बघायला, वाऱ्याची दिशा लक्षात घ्यायला रोज एक खरं कारण मिळतं. आपण गेलो नाही तर तिथे काहीतरी सुकणार असतं. निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, दिवसभर पडद्यासमोर काम करणाऱ्या माणसाला आपली गरज कुठेतरी आहे ही जाणीव केवढी मोलाची असते, हे ज्यांनी तिची उणीव भोगली आहे त्यांना सांगायला नको.

आणि ओळखी होतात. एकाच इमारतीत वर्षानुवर्षं राहून जिन्यात मान हलवण्यापलीकडे न गेलेली माणसं शेजारशेजारच्या वाफ्यांवर काम करू लागली की बोलतात, कारण बोलायला विषय असतो. तुमच्या वेलाची पानं पिवळी का पडली? माझं उरलेलं बी नेता का? बागेत एकाच वेळी एवढं पिकतं की वाटल्याशिवाय गत्यंतर नसतं. वाटण्यासाठी ओळख लागते आणि वाटल्याने ओळख वाढते. तिथे माणसाचा हुद्दा कोणी विचारत नाही. ज्याचा वाफा बहरलेला त्याच्याकडे लोक सल्ल्याला जातात, मग तो सत्तरीतला असो की सतरा वर्षांचा.

आता, हे सगळं कुंडीत होत नाही का? काही प्रमाणात होतं, आणि खिडकीतल्या एका कुंडीवर जीव टाकणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण कुंडीला मर्यादा असतात. माती थोडी, ती लवकर तापते आणि लवकर सुकते. खिडकीला ऊन किती मिळणार हे समोरच्या इमारतीची उंची ठरवते. ओल्या मातीचं वजन मोठं असतं, म्हणून सज्जात किती ठेवायचं यालाही हद्द आहे. भाड्याच्या घरात तर खिळा ठोकायचीही चोरी. शिवाय कुंडीला शेजारी नसतात. बाल्कनीतली बाग ज्याची त्याची आणि त्याच्या दाराआड असते.

नागरिकांना बागेसाठी जमीन द्या, ही कल्पना नवी नाही. इतरांनी ती कायद्यात आणलेली आहे, आणि तिची सुरुवात श्रीमंतांच्या हौसेतून झालेली नाही. इंग्लंडमध्ये सामाईक कुरणं आणि माळ खासगी कुंपणांत जाऊ लागले तेव्हा भूमिहीन माणसाचा आधारच गेला. त्याची थोडी भरपाई म्हणून १८४५च्या कायद्यात अशा गरिबांसाठी छोटे वाफे राखण्याची तरतूद आली. १९०८च्या कायद्याने मागणी असेल तिथे असे भूखंड पुरवणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरवलं. त्यातलं एक कलम मला फार आवडतं: भागातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तरी संस्थेला तिची दखल घ्यावी लागते. हजारोंचा मोर्चा नको, सहा सह्या पुरेत. १९२५च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. जी जमीन संस्थेने खास या कामासाठी घेतली आहे ती मंत्र्यांच्या संमतीवाचून विकता येत नाही. एका भूखंडाचं तिथलं जुनं माप साधारण २५० चौरस मीटरचं आहे. आज अनेक गावांत भूखंडासाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असते. मागणी नाही असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

जर्मनीतली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. लायप्झिगमध्ये मोरित्स श्रेबर नावाचे डॉक्टर होते. शहरातल्या मुलांना मोकळ्या हवेत खेळायला, हातपाय हलवायला मिळत नाही, ही त्यांची तळमळ. १८६१मध्ये ते वारले. पुढे हाउशिल्ड या शाळाप्रमुखांनी पालकांना एकत्र करून संस्था काढली, तिला श्रेबर यांचं नाव दिलं, आणि १८६५मध्ये मुलांसाठी मैदान सुरू झालं. गेझेल नावाच्या शिक्षकाने त्या मैदानाच्या कडेने मुलांसाठी छोटे वाफे आखून दिले. मुलं थोड्या दिवसांत कंटाळली. तण माजलं. मग मुलांना सोडायला येणारे आईबाप खुरपं घेऊन खाली बसले, आणि उठलेच नाहीत. वाफ्यांना कुंपणं आली, अवजारांना खोपटी आली, आणि त्या चळवळीला ज्यांनी आयुष्यात एकही वाफा आखला नव्हता त्या श्रेबर यांचं नाव कायमचं चिकटलं. योजना मुलांसाठी होती आणि गरज मोठ्यांची निघाली. नगररचनाकारांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. मोठ्या माणसांना काय हवं आहे ते मागणी अर्जातून कधीच नीट कळत नाही. जागा उपलब्ध झाली की कळतं.

सरकारांना बागेची आठवण येते ती संकटात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये उद्यानं, खेळाची मैदानं, रेल्वेच्या कडेच्या पट्ट्या खणून भाजीपाला लावला गेला. लंडनच्या टॉवर या किल्ल्याच्या कोरड्या खंदकातही वाफे होते. अमेरिकेत १९४३मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर भाजीची बाग केली गेली. तिथे त्या काळात सुमारे २ कोटी घरगुती बागा झाल्याचा आणि ऐन भरात देशातल्या जवळपास ४० टक्के ताज्या भाज्या त्यांतून आल्याचा अंदाज सांगितला जातो. युद्ध संपलं, आणि यातल्या बहुतेक जागा पुन्हा हिरवळी झाल्या किंवा बांधकामाखाली गेल्या. यातून माझ्या मते दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, जमीन नसते हे खरं नाही. ठरवलं तर किल्ल्याच्या खंदकातही सापडते. दुसरी, बाग करायला माणसांना शिकवावं लागत नाही, मोकळीक द्यावी लागते. शत्रूची विमानं डोक्यावर असताना जे करणं शहाणपणाचं ठरलं, ते शांततेत चैनीचं कसं ठरतं, हे कोणीतरी समजावून सांगावं.

भाडेपट्ट्याच्या मुदतीपाशी मात्र घोडं पेंड खातं. अनेक शहरं रिकाम्या जागा बागेसाठी देतात, पण तात्पुरत्या: बांधकाम सुरू होईपर्यंत वापरा. ऐकायला बरं वाटतं, पण माती तात्पुरती होत नाही. चार्ल्स डार्विन यांनी गांडुळांवर अनेक दशकं निरीक्षणं केली आणि १८८१मध्ये मांडलं, की इंग्लंडच्या अनेक भागांत गांडुळं दर एकरी दर वर्षी १० टनांहून जास्त माती पोटातून घालून पृष्ठभागावर आणून टाकतात. सुपीक जमीन म्हणजे असं सतत चाललेलं काम. राडारोड्याच्या जागेवर हे काम सुरू व्हायलाच कित्येक हंगाम जातात. पाचोळा कुजवायचा, त्याचं खत मातीत मिसळायचं, गांडुळं यायची वाट पाहायची, माती हाताला भुसभुशीत लागेपर्यंत धीर धरायचा. पुढच्या वर्षी इथे यंत्र येणार हे माहीत असेल तर कोण हे करेल? मग फळझाड तर सोडूनच द्या. अल्प मुदत माणसाला मातीतून फक्त काढून घ्यायला शिकवते.

लॉस एंजेलिसमध्ये साउथ सेंट्रल भागात १४ एकरांवर सुमारे ३५० कुटुंबं शेती-बाग करत होती. शहराने ही जमीन मुळात कचरा जाळण्याच्या प्रकल्पासाठी संपादित केली होती. प्रकल्प झाला नाही, लोकांनी तिथे हिरवं रान उभं केलं. २००३मध्ये शहराने ती जमीन जुन्या मालकाला परत विकली आणि २००६मध्ये पोलीस आणून बाग रिकामी करण्यात आली. न्यूयॉर्कची गोष्ट थोडी वेगळी वळली. तिथे १९७०च्या दशकात शहराची तिजोरी रिकामी होती आणि ओस पडलेले भूखंड कचऱ्याने भरले होते. १९७३मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या मित्रमंडळींनी बाउरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा असाच एक भूखंड साफ करून बाग केली. पुढे अशा शेकडो बागा झाल्या. वस्ती राहण्याजोगी झाली तशा जमिनीच्या किमती चढल्या, आणि १९९९मध्ये शहराने शंभराहून अधिक बागांचा लिलाव काढला. मोठं आंदोलन झालं, दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या बागा विकत घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. लोकांनी कचराकुंडीची बाग करावी, त्यामुळे जमिनीचा भाव वाढावा, आणि त्या वाढलेल्या भावापायीच लोकांना हाकलावं, हा अन्याय आहे. तो टाळायचा असेल तर दात्यांच्या कृपेवर विसंबून चालणार नाही. संरक्षण कायद्यातच हवं.

सर्वांत जोरदार आक्षेप जमिनीच्या मोलाचा आहे. शहरातल्या इतक्या महाग जमिनीवर चार भाज्या पिकवायच्या? घरं बांधा त्यावर. घरांची निकड मला पूर्णपणे मान्य आहे, आणि घरं की बाग असा खरोखरच पेच असेल तिथे मी घरांच्या बाजूने उभा राहीन. पण पेच बहुतेक वेळा तसा नसतो. एक मोटार उभी करायला साधारण १२ चौरस मीटर जागा लागते. तिला आत-बाहेर जायची वाट वेगळी. ही जागा प्रत्येक शहर कुरकुर न करता देतं, इमारत बांधताना ती सक्तीने सोडायला लावतं. त्याच १२ चौरस मीटरमध्ये १.२ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब असे दोन वाफे आणि मधली पायवाट सहज बसते. रुंदी १.२ मीटर अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचावा आणि मातीवर पाय द्यावा लागू नये. मोटार त्या जागेत दिवसातले बहुतेक तास नुसती उभी असते. तेवढ्याच जागेत एक कुटुंब बाराही महिने गुंतू शकतं. इंग्लंडचं २५० चौरस मीटरचं माप दाट वस्तीच्या शहराला परवडणार नाही, हे उघड आहे. त्याची गरजही नाही.

बागेची बाजू घेणारेही इथे एक चूक करतात, असं मला वाटतं. ते किलोचा हिशेब मांडतात. एवढ्या जागेत इतका भाजीपाला, म्हणजे घरखर्चात इतकी बचत. या हिशेबात शेतकरी नेहमीच जिंकणार, कारण तो त्याचा व्यवसाय आहे आणि त्याच्याकडे त्याचं कसब आहे. शहराचं पोट शहरी वाफ्यांवर भरणार नाही, तशी अपेक्षाही नाही. वाचनालयाची उपयुक्तता आपण रद्दीच्या वजनाने मोजत नाही.

दुसरा मोह आरोग्याचा. इथे संशोधन आहे आणि ते चांगलं आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. नेदरलंड्समध्ये २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बाग करणाऱ्या ३० जणांना आधी ताण देणारं काम दिलं, मग काहींना अर्धा तास बागेत काम करायला आणि काहींना घरात वाचत बसायला सांगितलं. ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, बागेतल्या गटात अधिक उतरलं. दोन्ही अभ्यास छोटे आहेत, त्यांवर मोठे इमले बांधू नयेत. पण माझी अडचण आकड्यांची नाही. बागेला औषध म्हणून मागितलं की तिचं मोल रोग्यापुरतं उरतं, आणि उद्या त्याहून स्वस्त गोळी निघाली की जमीन परत मागितली जाईल. धडधाकट, आनंदी माणसालाही वाफ्यावर हक्क आहे. आनंद हाच पुरेसा हेतू आहे असं सार्वजनिक व्यवहारात बोलायला आपण इतके का संकोचतो?

शहरी माती घातकही असू शकते, आणि ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रस्त्याकडेच्या आणि जुन्या इमारतींभोवतीच्या मातीत पेट्रोलच्या धुरातून आणि जुन्या रंगातून आलेलं शिसं असतं. शिसंयुक्त पेट्रोल मोटारींसाठी जगभर विकणं २०२१मध्ये थांबलं. मातीत बसलेलं शिसं तिथेच आहे. म्हणून जमीन देण्याआधी माती तपासून देणं आणि अहवाल लोकांसमोर ठेवणं ही देणाऱ्याची जबाबदारी असली पाहिजे. दूषित जागेवर बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे उंच गादीवाफे करता येतात. ते कमरेइतके उंच केले तर चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही काम करता येतं. हा खर्च शहराचा. ज्यांनी शिसं मातीत टाकलं नाही त्यांच्याकडून तो वसूल करू नये.

फुकट मिळालं की लोक बळकावतात, टपऱ्या बांधतात, पोटभाडेकरू ठेवतात, ही भीती मी खोटी म्हणणार नाही. म्हणून नियम हवेत, आणि ते कडक हवेत. जर्मनीच्या १९८३च्या कायद्यात एका बागेला ४०० चौरस मीटरची मर्यादा घातली आहे, खोपटं ओसरीसकट २४ चौरस मीटरहून मोठं नको, आणि ते कायम राहण्यालायक नको, असं स्पष्ट लिहिलं आहे. तिथल्या न्यायालयाने साधारण एक तृतीयांश जागा फळं-भाज्यांसाठी हवी असंही ठरवलं. जमीन सार्वजनिक राहते, वापर खासगी होतो, आणि दोन्हींच्या सीमा लिहिलेल्या असतात. आपल्याला हवे तसे आणखी नियम करता येतील. एक पूर्ण हंगाम वाफा पडीक ठेवला तर तो यादीतल्या पुढच्या माणसाला जावा. वाटप सोडतीने व्हावं, म्हणजे वशिल्याला वाव राहणार नाही. पहिला हक्क ज्यांच्या घराला अंगण नाही त्यांचा. रोजची देखरेख वाफेधारकांच्याच संघाने करावी. पाण्याच्या पाळ्या, खताचा सामाईक खड्डा, पायवाटांची सफाई यांवरून भांडणं होतील, आणि ती मिटवायलाही माणसं शिकतील.

सगळ्यांना बाग नको असते, हा आक्षेप मला सर्वांत कमजोर वाटतो. सगळे पोहत नाहीत, तरी तरणतलाव असतो. सगळे वाचत नाहीत, तरी वाचनालय असतं. आणि बाग हे पोट भरलेल्यांचं खूळ आहे असं जे म्हणतात त्यांनी आज बाग कोणाकडे आहे ते बघावं. ज्याच्याकडे बंगला आहे त्याच्याकडे बाग आहेच. तिच्यावाचून राहतो तो जमीन विकत घेऊ न शकणारा. सार्वजनिक सोय न केल्यामुळेच ही साधी गोष्ट चैनीची झाली आहे.

एक धोका मात्र ओळखून असावं. अशी मागणी केली की ‘हरित क्षेत्र वाढवू’ असं आश्वासन देऊन वाटाण्याच्या अक्षता लावल्या जातात. हरित क्षेत्रात कारंजं बसतं, शोभेची हिरवळ बसते, फरशांच्या मधल्या चार कुंड्याही बसतात. खुरपं चालवायची परवानगी त्यात बसतेच असं नाही. म्हणून मागणी मोघम नको. कोणता भूखंड, त्यावर दिवसाचे किती तास ऊन, पाण्याचा नळ कुठे, मातीचा तपासणी अहवाल कधी मिळणार, पट्टा किती वर्षांचा आणि मुदतीआधी काढून घेतल्यास तेवढीच जागा दुसरीकडे मिळणार का, हे एकेक कलम लिहून मागावं. मुदत माझ्या मते २५ वर्षांपेक्षा कमी असू नये, कारण फळझाड लावून त्याची फळं खाण्याइतका अवधी माणसाच्या हातात राहायला हवा. सहा सह्यांचं कलम आपल्याकडे कायद्यात नसलं, तरी सहा माणसांनी एकत्र अर्ज करायला कोणाची आडकाठी नाही.